बसऱ्याला गेलेले पणजोबा: युद्धस्मारकांच्या नोंदींतून घरातला सैनिक कसा शोधायचा

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं: "पणजोबांचे भाऊ बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत." बसरा म्हणजे आजच्या इराकमध्ये, एवढंच; पुढे काही नाही. पलटण माहीत नाही, साल माहीत नाही, फोटो तर नाहीच. असा माणूस युद्धकाळात सैन्यात असतानाच गेला असेल, तर त्याची नोंद असण्याची शक्यता चांगली आहे. ती सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. १९१७ साली ती ‘इम्पीरियल’ या नावाने सुरू झाली, १९६० पासून ‘कॉमनवेल्थ’ म्हणवते. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची यादी तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते.

अडचण आहे ती नोंद सापडण्याची. शिपायाने आपलं नाव-गाव मराठीत सांगितलं, पलटणीच्या कारकुनाने कानाला लागेल तसं ते इंग्रजीत उतरवलं, पुढे लंडनला कुणीतरी टाइप केलं आणि शंभर वर्षांनी ते संगणकात चढलं. प्रत्येक टप्प्यावर थोडं काही सांडलं. म्हणून हे काम उलटं करायचं असतं: आपल्याला ठाऊक असलेलं नाव त्या कारकुनाच्या कानाने ऐकून बघायचं.

आधी माळा, मग संगणक

पहिले दोन दिवस घरात घालवा. शोधायच्या वस्तू ठरलेल्या आहेत.

पदकं असतील तर ती सोन्याहून मोलाची, कारण त्यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि पिवळट ‘व्हिक्टरी मेडल’ यांची कड बघा. ‘१९१४-१५ स्टार’ चपटा असतो, त्याचा मजकूर पाठीवर असतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांवरही बहुधा नाव असतं, ब्रिटिशांच्या पदकांवर नसे. पदक घासू नका, पॉलिश तर अजिबात लावू नका; आधीच झिजलेली अक्षरं त्याने कायमची जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरून कडेचे पाच-सहा फोटो काढा. तिरप्या उजेडात सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आकडा फोटोत वाचता येतो. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून कांस्याचं निघालं, तर तो माणूस बहुधा लेबर कोअरसारख्या बिनलढाऊ तुकडीत होता. ही एकच गोष्ट पुढच्या शोधाची दिशा बदलते.

मोठ्या बशीएवढी, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची चकती सापडली तर शंकाच नको. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवली जाई. तिच्यावर नुसतं नाव असतं, नंबर किंवा हुद्दा नसतो. पण ते नाव सरकारी कागदावर होतं त्याच स्पेलिंगात असतं, आणि आपल्याला हवं असतं तेच.

त्याखेरीज पेन्शनचं पुस्तक, जंगी इनामाचे कागद, मनिऑर्डरच्या पावत्या, आजीच्या नावाने आलेली लखोटी. पेन्शनच्या कागदावरचं विधवेचं नाव जपून लिहून ठेवा, दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी जुळवताना ते फार कामी येतं. गावात देवळाशेजारी, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल, तर तीही वाचा. अशा पाटीवर या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती जण गेले आणि किती कामी आले एवढाच आकडा बहुधा असतो, नावं नसतात. तरी "आमच्या गावातून दोघं गेले" हे कळलं की यादीत दोनच माणसं शोधायची हे ठरतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "कुठल्या रेजिमेंटमध्ये होते?" असं विचारू नका. "पलटणीला काय म्हणायचे?" असं विचारा. ‘जंगी पलटण’ असं उत्तर आलं तर ती १०३ वी मराठा, ‘काळी पाचवी’ आलं तर १०५ वी. कागद हरवले तरी ही टोपणनावं घरात टिकून राहतात.

तारखा आणि पलटणींचे आकडे

कमिशन फक्त दोन कालखंडांतल्या मृतांची नोंद ठेवतं: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना आलेला मृत्यू कसाही असो, गोळीने, कॉलऱ्याने, अपघाताने किंवा तापाने, नोंद होते. नोकरीतून सुटल्यावर मृत्यू आला असेल, तर तो युद्धसेवेमुळेच आला हे सिद्ध झालेलं लागतं. युद्ध संपल्यावर घरी परतून १९२५ साली गेलेल्या आजोबांना इथे शोधू नका. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांतले हुतात्मे तर या यादीत नाहीतच. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात आहेत.

पलटणीच्या नावाशी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या आकड्यांनी ओळखल्या जात. १९२२ साली त्या सगळ्या ‘पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री’त आल्या: १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी (रॉयल), आणि ११४ ही दहावी म्हणजे प्रशिक्षणाची पलटण. म्हणून १९१६ साली मेलेल्या माणसासाठी ‘पाचवी मराठा’ शोधून काही मिळणार नाही, आणि १९४४ च्या माणसासाठी ‘११० वी’ शोधून मिळणार नाही.

दुसरी गफलत त्याहून साधी आहे. नोंदींत ‘मराठा’ हा शब्द जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेला आहे: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. म्हणजे पहिल्या ‘ए’नंतर ‘एच’ आणि ‘टी’ दोनदा. आजच्या स्पेलिंगने रेजिमेंट टाकली की शून्य निकाल येतो आणि माणूस हात टेकून बसतो.

आणि मराठा म्हणजे मराठा पलटणच, असंही धरू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनियर), पायोनियर पलटणींत, ग्रेनेडियर्समध्ये आपल्याकडचे भरपूर लोक होते. बॉम्बे सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सला न्यूव्ह शापेलच्या लढाईत होत्या. उलट बाजूने, मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. महार सैनिकांसाठी पहिल्या युद्धात १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली; आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे.

हात बसवायला एक शोध

आपल्या घरातला माणूस शोधण्याआधी माहितीतल्या एकाला शोधून बघा. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंबिवलीचे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात, वयाच्या २२ व्या वर्षी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शोधाच्या पानावर विस्तारित शोध उघडा. युद्ध: दुसरं. सेना: भारतीय. मग नाव टाका. ‘यशवंत’ आपण आज इंग्रजीत वाय-ए असं सुरू करतो. सरकारी कागदांत ते वाय-ई असं आहे, ‘येशवंत’. आडनावातही ‘ड’नंतरचा ‘ए’ नाही. म्हणजे देशभर गाजलेल्या वीराचंसुद्धा नाव आजच्या सवयीने टाकलं तर हुकतं. मग साध्या शिपायाचं काय होत असेल याचा अंदाज यावा.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव येईल: कॅसिनो मेमोरियल. आता नकाशा उघडा. घाडगे ज्या भागात पडले तो, मोंतोने गावाजवळचा प्रदेश (तिथे २०२३ साली त्यांचं स्मारकही उभं राहिलं), कॅसिनोपासून दोनशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला आहे. ज्यांचं थडगं माहीत नाही अशांची नावं एका ठिकाणी कोरली म्हणून कॅसिनो. तेव्हा नोंदीतलं स्मारकाचं गाव हेच मृत्यूचं ठिकाण असं कधीही धरू नका. घराण्याच्या इतिहासात सगळ्यात जास्त पसरलेली चूक हीच असेल.

कारकुनाच्या कानाने नाव

एका आडनावाची किमान पाच-सहा रूपं कागदावर लिहून काढा आणि मगच बसा. बदल ठरावीक वाटांनीच होतात.

शेवटचा ‘व’ बहुधा ‘ओ’ होतो: जाधव ‘जाधाओ’ किंवा ‘जादाओ’, यादव ‘यादाओ’. ‘प’वरचा ‘अ’ गोल होतो: पवार ‘पोवार’, क्वचित ‘पुआर’. कोल्हापूरकडे बोलतातही पोवारच, त्यामुळे ही कारकुनाची चूक म्हणता येत नाही. ‘ड’ आणि ‘र’ एकमेकांत मिसळतात: गायकवाड ‘गाइकवार’, घोरपडे ‘घोरपरे’. ‘श’ चा ‘स’ होतो आणि ‘ह’ भलत्याच जागी बसतो: शिंदे ‘सिंदे’ किंवा ‘सिंधे’. ‘च’ची ‘चौ’ होते: चव्हाण ‘चौआन’, ‘चवान’. अनुस्वार कधी येतो, कधी जातो: भोसले आणि ‘भोन्सले’. साळुंखेमध्ये ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ख’ चा ‘क’ दोन्ही होतात. सावंतमधला ‘व’ एकदा डब्ल्यूने तर एकदा व्हीने येतो. मोरेसारखं छोटं नाव शेवटी वाय लावूनही लिहिलेलं असतं.

पहिल्या नावांत ‘ज्ञानू’ सगळ्यात वाईट. ते डी-एन-वाय, जी-वाय, डी-एन अशा कुठल्याही अक्षरांनी सुरू होऊ शकतं. ‘तुकाराम’ दोन ‘ओ’ घालून ‘टूकाराम’ होतो. ‘रावजी’ मधला ‘व’ पुन्हा ‘ओ’.

यापेक्षा मोठी अडचण रकान्यांची आहे. हिंदी सैनिकांच्या बाबतीत पूर्ण नाव एकाच रकान्यात, आडनावाच्या जागी घातलेलं पुष्कळदा दिसतं. मग ‘गणपत जाधव’ हा ‘ग’मध्ये सापडतो, ‘ज’मध्ये नाही. म्हणून प्रत्येक नाव तीनदा शोधा: आडनावाच्या रकान्यात आडनाव, आडनावाच्याच रकान्यात पहिलं नाव, आणि आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव. ‘राव’ कधी जोडून असतो, कधी तोडून, कधी तोच आडनाव बनून बसतो. काही नोंदींत आडनाव अजिबात नसतं, नुसतं ‘गणपतराव’ आणि खाली बापाचं नाव.

नाव सोडा, गाव धरा

अनुभवी लोक नावापासून सुरुवातच करत नाहीत. नोंदीत ‘जादा माहिती’ असा एक रकाना असतो. त्यात वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा किंवा संस्थान असं लिहिलेलं असतं, आणि विस्तारित शोधात त्या रकान्यातही शोधता येतं. तिथे तालुक्याचं नाव टाका, युद्ध आणि सेना ठरवा, नाव मोकळं ठेवा. येणारी सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. मग चहा घेऊन बसा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं, कारण डोळ्याला ‘मोहिताय’ परका दिसतो, पण कानाला ‘मोहिते’ लगेच कळतो.

गावाच्या बाबतीत आजचा नकाशा बाजूला ठेवा. जिल्हे पार बदललेत. रायगड तेव्हा ‘कुलाबा’ होता. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, तेव्हा मालवण-देवगडचा माणूस ‘रत्नागिरी’खाली शोधा; कुडाळ-सावंतवाडीचा मात्र सावंतवाडी संस्थानात. आजच्या सांगली जिल्ह्यातली वाळवा, तासगाव, खानापूर ही बाजू ‘सातारा’खाली येते, आणि सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं होती. मराठवाडा म्हणजे ‘हैदराबाद’ किंवा निजामाचा मुलूख, विदर्भ म्हणजे ‘मध्य प्रांत’ आणि ‘वऱ्हाड’. ओळीच्या शेवटी ‘बॉम्बे’ दिसलं की माणूस मुंबईचा समजू नका, तो मुंबई इलाखा आहे. कोकणातला गिरणीकामगार मुंबईहून भरती झाला असेल, तरी नोंदीत बहुधा गावच असतं.

गावाच्या नावाची तर पार वाट लागलेली असते. ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ गळतात, ‘वाडी’ कधी गाव म्हणून येते आणि मूळ गाव गायब होतं. अशा वेळी त्या तालुक्यातल्या गावांची यादी समोर ठेवून जुळवा.

हीच पद्धत पलटणीवरूनही चालते. उदाहरणार्थ, पहिलं युद्ध, ११० वी मराठा, बसरा मेमोरियल एवढं टाकून अख्खी यादी उतरवा आणि ती गावांनुसार लावा. एकाच वाडीतली तीन-चार नावं एकाखाली एक आली की समजतं, भरती एकाच दिवशी झाली असावी.

स्मारक काय सांगतं

हिंदू आणि शीख सैनिकांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे दहन दिलं जाई, त्यामुळे बहुतेकांचं थडगं नसतंच. ‘कबर क्रमांक’ऐवजी ‘पॅनेल’ (स्मारकावरचा फलक) दिसलं म्हणून निराश होऊ नका. स्मारकाचं नाव मात्र नीट वाचा.

बसरा मेमोरियल म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली मोहीम, नोव्हेंबर १९१४ ते ऑगस्ट १९२१. तिथे ४०,५०० हून अधिक जणांची आठवण आहे. मराठा घराण्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं नाव. पुण्याची सहावी डिव्हिजन इथे होती आणि १०३, ११० व ११७ या तिन्ही पलटणी तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतरच्या तारखेचा मृत्यू असेल, तर माणूस तुर्कांच्या कैदेत, रस्त्यावर किंवा छावणीत गेला असण्याची शक्यता जमेस धरा. अशा कैद्यांच्या मृत्यूच्या तारखा पुष्कळदा नंतर अंदाजाने ठरवलेल्या असतात. घरी ज्या तिथीला श्राद्ध घालतात ती आणि नोंदीतली तारीख जुळली नाही, तर केवळ तेवढ्यावरून नोंद नाकारू नका.

या स्मारकाची एक कडवट गोष्ट जाणून घ्या. भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली मृतांचा आकडा, बस. नावं राहिली ती छापील नोंदवहीत. त्यामुळे भिंतीचा फोटो मागवून काही उपयोग नाही, नोंदवहीचं पान हेच आपलं स्मारक. १९९७ साली हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेलं, हेही जुने नकाशे बघताना लक्षात असू द्या.

बाकीची नावं झटपट. न्यूव्ह शापेल म्हणजे फ्रान्स-बेल्जियम, ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक, आणि इथे मात्र नावं कोरलेली आहेत. दिल्ली मेमोरियल म्हणजे आपलं इंडिया गेट. वायव्य सरहद्द आणि १९१९ चं अफगाण युद्ध इथे येतं. दुसऱ्या युद्धात केरेन म्हणजे इरिट्रिया १९४१, सांग्रो नदी आणि फोर्ली ही इटलीतली दहन-स्मारकं, इंफाळ आणि रंगून मेमोरियल म्हणजे ब्रह्मदेशाची आघाडी. मार्च १९४४ ला मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत चौथी मराठा होती. त्या महिन्यातली तारीख दिसली तर तिकडे बघा.

पुण्यातले बरेच जण थेट खडकीच्या वॉर सेमेटरीत जातात आणि रिकाम्या हाताने परततात. तिथली दुसऱ्या युद्धातली १,६६८ थडगी आणि पहिल्या युद्धाचं स्मारक बहुतांशी ब्रिटिशांचं आहे. स्मारकावरची १,८०० हून अधिक नावं भारतात इतरत्र पुरलेल्या, पण ज्यांची थडगी पुढे सांभाळता आली नाहीत अशांची आहेत.

दर्यावर्दींची गोष्ट वेगळी. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या युद्धातल्या सुमारे साडेसहा हजार नौसैनिक व व्यापारी खलाशांची नावं एका ग्रंथात आहेत. त्याची एक प्रत तिथेच, दुसरी चितगावला. रत्नागिरीचे मुसलमान खलाशी आणि गोव्याचे जहाजांवरचे बटलर-कारभारी इथे शोधा. फर्नांडिस आणि डिसोझा शेकड्यांनी आहेत, म्हणून गोवेकरांनी माणसाऐवजी जहाज धरावं. जहाज बुडाल्याची तारीख घरात माहीत असते. मुंबईत धोबीतलावच्या गावनिहाय ‘कुडां’च्या (गोवेकरांच्या राहण्याच्या क्लबांच्या) जुन्या वह्या आणि गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद ही पुढची पायरी.

हा आपलाच माणूस कशावरून?

‘शंकर जाधव, सातारा’ असे किती सापडतील याचा विचार करा. नियम कडक ठेवा: नाव सोडून आणखी दोन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्याच पाहिजेत. वडिलांचं नाव, गाव, बायकोचं नाव, पलटण, नंबर यांपैकी कुठल्याही दोन. वय धरू नका, भरतीच्या वेळी ते अंदाजाने सांगितलेलं असे आणि पहिल्या युद्धाच्या नोंदींत ते बहुतेकदा नसतंच. नंबरावरही एकट्यावर विसंबू नका. पहिल्या युद्धात प्रत्येक पलटणीची नंबरांची रांग वेगळी होती, त्यामुळे तोच नंबर पाच पलटणींत पाच जणांचा असतो. नंबर आणि पलटण मिळून एक पुरावा.

नोंदीच्या पानावर खाली मूळ कागदांच्या प्रती जोडलेल्या असतील तर त्या उघडाच. संगणकातली ओळ त्यावरूनच टाइप केलेली असते, आणि मूळ पानात ‘कराड’ स्वच्छ असताना संगणकात भलतंच झालेलं असू शकतं.

मग गावाकडे वळा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात, त्याच्या नकलेसाठी अर्ज करा. परदेशातला मृत्यू त्यात न मिळण्याची शक्यता मोठी, पण जन्म मिळू शकतो आणि बापाचं नाव पक्कं होतं. त्याहून उपयोगी पडतो फेरफार, गाव नमुना ६. मयताचं नाव कमी करून वारस लावताना अमुक साली मयत, वारस विधवा अमुक, भाऊ अमुक असं लिहिलेलं असतं, आणि ती ओळ कमिशनच्या ओळीशी जुळली की प्रश्न सुटतो. फेरफाराचं साल मृत्यूनंतर चार-पाच वर्षांनी असलं तरी चालतं, वाट बघूनच नाव कमी करत. जुन्या नोंदी मोडीत असतील. मोबाइलच्या फोटोवरून मोडी वाचून घ्यायची असेल, तर पान सपाट ठेवून, पूर्ण पान आणि हवी ती ओळ जवळून असे दोन फोटो काढा. नुसत्या ओळीवरून वाचणाऱ्याला अक्षराचं वळण कळत नाही.

त्या दिवशी काय झालं

तारीख आणि बटालियन पक्की झाली की युद्धडायरी मिळवता येते. पहिल्या युद्धातल्या पलटणींच्या डायऱ्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यू-ओ ९५ या मालिकेत आहेत, आणि बराच भाग ऑनलाइन आहे. दुसऱ्या युद्धासाठी मध्यपूर्वेची १६९, इटलीची १७० आणि ब्रह्मदेशाची १७२ ही मालिका. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. डायरीत साहेबांची नावं असतात आणि शिपाई आकड्यांत: ‘मृत अमुक, जखमी अमुक’. तुमच्या माणसाचं नाव बहुधा येणार नाही. तरी त्या दिवशी पलटण कुठे होती, पाणी किती होतं, नदी कधी ओलांडली हे कळतं.

जखमी होऊन चार दिवसांनी गेलेला माणूस लढाईच्या तारखेला शोधायचा, मृत्यूच्या नाही, एवढं भान ठेवा. म्हणून डायरीची आधीची दोन आठवड्यांची पानं वाचा. कूतनंतरच्या कैद्यांसाठी रेडक्रॉसच्या पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या याद्याही ऑनलाइन आहेत.

पंजाबच्या सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या अलीकडे ऑनलाइन आल्या, त्यांच्या बातम्या वाचून आपल्याकडचे लोकही तिथे शोधत बसतात. त्या फक्त पंजाबच्या आहेत.

नाहीच सापडला तर

क्रमाने तपासा. घरची गोष्ट खरी, पण तो माणूस परत येऊन नंतर वारला का? संस्थानी फौजेत होता का? घरातून पळून, दुसऱ्याच नावाने भरती झाला का? लढाऊ शिपाई नसून लंगरी, भिस्ती, खेचरवाला, डोलीवाला होता का? तसं असेल तर मराठा पलटण विसरा आणि म्यूल कोअर, बेअरर कोअर, लेबर कोअर, सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट यांत गावावरून शोधा.

काहींची नोंद खरोखरच झालेली नाही. कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या युद्धातल्या किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा अजिबातच आठवण राखलेली नाही. यात मुख्यतः आफ्रिकेतले व मध्यपूर्वेतले लोक आहेत.

तुमच्याकडे पुरावा असेल तर नाव नव्याने घालण्याचा किंवा चुकीचं दुरुस्त करण्याचा अर्ज कमिशनकडे करता येतो. घरात सांगतात एवढ्यावर ते बदल करत नाहीत. त्या काळातला कागद लागतो. नवीन नावासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो सैन्यात होता, ठरलेल्या कालखंडात वारला, आणि नोकरीतून सुटला असेल तर मृत्यूचं कारण सेवेतलंच होतं. पेन्शनचा हुकूम एकटा या तिन्हींचं काम करू शकतो. मराठी किंवा मोडी कागद असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या आणि नाव कुठे आहे तिथे खूण करा. गावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती मागताना जुना तालुका आणि आजचा तालुका दोन्ही लिहा, नाहीतर ‘रत्नागिरी’चं ‘सिंधुदुर्ग’ का करायचं हे तिकडच्या माणसाला कळणार नाही. मूळ कागद पाठवू नका, स्कॅन पाठवा, आणि अर्जात नोंदीचा क्रमांक घाला. तो पानाच्या पत्त्यातच शेवटी असतो.